काटा, पाचट, चाक

७ नोव्हेंबरला आमच्या शाळेत विद्यार्थी दिन असतो, आणि साधारण त्याच सुमाराला वाळवा तालुक्यातल्या कारखान्यांची धुराडी पेटतात. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. चौथीची मुलं पाठ केलेली भाषणं करतात. मागच्या रांगेत बीडकडून आलेली, ऊसतोडीच्या टोळीतली चार-दोन मुलं बसलेली असतात. गणवेश नसतो; एखादीच्या कडेवर भावंड असतं.

त्या भाषणांत एक गोष्ट फार घाईनं उरकली जाते. त्या शाळेत आंबेडकर आडनावाचे एक मास्तर होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला देत, असं खुद्द बाबासाहेबांनी सांगून ठेवलं आहे. ज्या शाळेनं त्याला वेगळं, तरटावर बसवलं, त्याच शाळेतले हे मास्तर. मुलं भाकरीला टाळ्या वाजवतात. मला त्यात मास्तरकी दिसते. पोरगं मधल्या सुट्टीत गेलं की गेलं, ते पुन्हा वर्गात यावं याची ती तजवीज होती.

मागे पडलेल्या मुलाचं पहिलं दुखणं वाचन नसतंच, वर्गात टिकणं असतं. वयाप्रमाणे त्याला तिसरीत बसवायचं, असा कायदा आहे आणि तो बरोबरच आहे. नऊ वर्षांच्या पोराला पहिलीत बसवलं तर ते दुसऱ्या दिवशी फडातच दिसेल. पण पुस्तक तिसरीचं आणि अक्षरओळख नाही, अशा मुलाला एक कला मात्र झकास जमलेली असते: दिसायचं नाही. सगळे एका सुरात वाचत असतात, तेव्हा तेही ओठ हलवत असतं, फक्त अर्ध्या शब्दानं मागे. म्हणून समूहवाचनाच्या वेळी मी पुस्तकात बघत नाही, ओठांकडे बघते. आणि ओळखलं, तरी संक्रांतीपर्यंत त्याला ‘उभा राहून वाच’ म्हणत नाही.

असाच एक मुलगा होता. वजाबाकीत हातच्याशी त्याचं वाकडं. एकदा त्याच्या खिशातून चुरगळलेला कागद पडला, वजनकाट्याची पावती. मी सहज विचारलं, “काय लिहिलंय रे?” त्यानं बोट ठेवलं. “ही भरलेली गाडी, ही रिकामी, हा राहिला तो ऊस.” भरलेली ३४२०, रिकामी ५८०, ऊस २८४० किलो. “बरोबर आहे का, कसं कळतं तुला?” तर म्हणाला, “बाप बघायला लावतोय की, बाई. काट्यावर फसवत्यात.” ५८० मध्ये किती घातले की ३४२० होतील, हे तो वर चढत चढत मोजत होता. आधी वीस, म्हणजे सहाशे. मग चारशे, म्हणजे हजार. मग दोन हजार, मग राहिलेले चारशे वीस. हातचा कुठंच नाही. फळ्यावरची उभी मांडणी मी त्यानंतर त्याच्या या हिशेबाशेजारी लिहिली, त्याआधी नाही.

वाचनाला मात्र अशी पावती सापडत नाही, तिथं बैठकच लागते. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली. मुळाक्षरांच्या क्रमानं न जाता थोड्या अक्षरांचा गट घ्यायचा आणि त्यातूनच लगेच शब्द वाचायचे, ही त्यांची वाट. माझा पहिला गट या मुलांसाठी ठरलेला: क, ट, प, च आणि एक काना. एवढ्यात काटा, चाक, पाच, टाच, काका, पाट आणि पाचट होतात. पाचट वाचल्यावर तो मुलगा हसला. पुस्तकात असला शब्द असतो, हे त्याला पटेना. खरं तर पुस्तकात तो नव्हताच, माझ्या खडूत होता. कमळ आणि गवत नंतर येतात, काही बिघडत नाही. वेलांटी मात्र छळते. पहिली-दुसरीतला फरक कानाला कळत नाही, म्हणून तिथं मी शुद्धलेखनाचा आग्रह बाजूला ठेवते. वरिष्ठांना ते रुचत नाही. न रुचो.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांत मुलं रंगवलेल्या फरशीवर बसून शिकत; त्या बघायला एके काळी राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येत. पाहून गेलेल्यांनी आपापल्या शाळांच्या फरशा रंगवून घेतल्या. त्या फरशीवर मुलाशेजारी मांडी घालून बसायचं असतं, हे तितक्या ठिकाणी पोचलं नाही. रंग लवकर वाळतो, बसायला वेळ लागतो. पस्तिसांच्या वर्गात तो कुठून काढायचा? मी परिपाठाआधीची वेळ घेते, कारण टोळीतली मुलं आई-बापांबरोबर पहाटेच उठलेली असतात आणि शाळेत सगळ्यांच्या आधी हजर असतात. कडेवरचं भावंडही चालतं मला. त्याला चिंचोक्यांची वाटी दिली की बहिणीचे दोन्ही हात मोकळे होतात.

मार्चच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडतो, गाळप संपतं. एका रात्रीत टोळीच्या कोप्या मोडतात आणि सकाळी पटावरची नावं गैरहजर. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड आपण देतो, पण त्याच्या रकान्यांत मूल मावत नाही. मी सोबत एक चिठ्ठी जोडते. त्या मुलाच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘अक्षरांचे चार गट झालेत. जोडाक्षरं नाहीत. चारचौघांत वाचायला लावू नका, जवळ बसवून घ्या. वजाबाकी काट्याच्या पावतीवरून करून घ्या, पटकन करतो.’

जूनमध्ये तिकडच्या शाळेतून एका सरांचा फोन आला. मूल पोचलं होतं, चिठ्ठीही. म्हणाले, “मॅडम, आमच्याकडं कारखाना नाही. पाच-सहा पावत्या पाठवता का?”