गाळलेली दृश्ये

एखाद्या विनोदी मालिकेने आपल्याला रडवले असे सांगणे म्हणजे त्या मालिकेवर आळ घेण्यासारखेच आहे! पण माझ्या बाबतीत तसे घडले खरे. मालिका होती ‘फ्रेंड्स’. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या सहा मित्रमैत्रिणींची ही अमेरिकन मालिका २२ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाली आणि ६ मे २००४ रोजी संपली. दहा वर्षे, २३६ भाग! ती संपली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर, दोघींनी एकेका कानात इअरफोन घालून, आम्ही ती पाहत होतो.

मी सांगते आहे तो भाग शेवटच्या सत्रातला दहावा, १५ जानेवारी २००४ रोजी दाखवलेला. चॅन्डलर कोणा परक्या बाईच्या मोटारीत बसताना फीबी आणि रेचेल यांना दिसतो. हा मोनिकाला, म्हणजे आपल्या बायकोला, फसवतो आहे अशा संशयाने दोघी त्याचा पाठलाग करतात. अखेर उलगडा होतो की ती बाई घरांची दलाल आहे! चॅन्डलर आणि मोनिका मूल दत्तक घेणार असतात आणि त्यासाठी शहराबाहेर, वेस्टचेस्टर भागात घर पाहत असतात. हे कळताच बाकीच्यांचे चेहरे उतरतात. ज्या घरात सगळ्यांचे इतके दिवस गेले, ते सोडायचे? मग आठवणी निघतात आणि जुन्या भागांतले तुकडे एकामागून एक पडद्यावर येऊ लागतात.

अशा भागाला ‘क्लिप शो’ म्हणतात. त्यामागे भावनेइतकाच व्यवहारही असतो. नवे चित्रण थोडे, जुने पुष्कळ. त्यामुळे वेळ वाचतो आणि पैसाही. या मालिकेच्या शेवटच्या दोन सत्रांत सहाही मुख्य कलावंतांना प्रत्येकी, एका भागामागे, दहा लाख डॉलर मिळत होते, हे लक्षात घेतले म्हणजे काटकसर कशाला, ते कळते! पण पूर्वी प्रेक्षकांचीही त्यात सोय होती. एकदा दाखवलेला भाग पुन्हा केव्हा दिसेल, याची खात्री नसे; आवडते प्रसंग पुन्हा भेटत ते असे. आता सारेच भाग हाताशी असतात. माझी मैत्रीणही म्हणाली, “अगं, यात नवीन काही नाही. पुढचा लावू.”

मी लावू दिला नाही. कारण दिवाळीनंतर आम्हीही आमची चाळीतली खोली सोडणार होतो. बाबांनी कर्ज काढून गावाबाहेर घर घेतले होते. त्या सहा जणांच्या आठवणी पाहताना मला आमची खोली दिसत होती, आणि डोळे भरून येत होते.

सुटीत घरी गेले. शेवटच्या रात्री भांडी पोत्यांत भरून झाली होती. उघड्या फरशीवर आम्ही चौघे बसलो आणि आमचाही ‘क्लिप शो’ सुरू झाला. एका पावसाळ्यात छप्पर गळू लागले होते. घरातले प्रत्येक भांडे कुठल्या ना कुठल्या धारेखाली मांडलेले, आणि धाकटा भाऊ परातीत बसून “माझी होडी, माझी होडी” म्हणत होता. तो प्रसंग बाबांनी सांगितला, मग मी, मग भावाने. तिन्ही वेळा आम्ही पोट धरून हसलो.

आई पोत्याचे तोंड बांधत होती. ती सहज म्हणाली, “तुम्हांला होडी आठवते. मी रात्रभर पातेली ओतत होते.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण आम्ही गप्प झालो. आमच्या त्या दृश्यात आई नव्हतीच! होडी खोटी नव्हती, आमचे हसणेही खोटे नव्हते. फक्त पातेली ओतणारे हात आम्ही गाळले होते.

मला चॅन्डलरचे काम करणाऱ्या मॅथ्यू पेरीची आठवण झाली. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी तो वारला. मद्य आणि औषधांच्या व्यसनात तो अनेक वर्षे अडकला होता. मालिकेच्या मधल्या तीन वर्षांचे आपल्याला काहीच आठवत नाही, असे त्याने २०१६ साली बीबीसीच्या रेडिओवर सांगितले होते. आपल्याला हसवून लोळवणारी ती दृश्ये ज्याने उभी केली, त्याच्याच स्मरणात ती नव्हती! हसण्याचा क्षण पडद्यावर राहतो. तो उभा करताना कोणाला काय पडले, ते कात्रीखाली जाते.

मी आईला विचारले, “तुला या खोलीतले काय आठवते?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दुपारी तुम्ही सगळी बाहेर गेलात की मी उंबऱ्यावर बसायचे. वाण्याकडच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचायचे. सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हापासूनची सवय. गोष्ट मध्येच फाटलेली असायची. मग पुढचं मीच मनात जुळवायचे.”

अठरा वर्षे मी त्या खोलीत राहिले आणि हे दृश्य मी एकदाही पाहिले नव्हते. पाहणार कशी? त्या वेळी मी शाळेत असे, आणि पुढे कॉलेजात.

‘फ्रेंड्स’च्या शेवटच्या भागात सगळे जण आपापल्या किल्ल्या ओट्यावर ठेवतात आणि कॅमेरा रिकाम्या घरातून फिरतो. दुसऱ्या दिवशी आमचीही किल्ली मालकाला द्यायची होती. सामान चढले. आई कुलूप हातात घेऊन उंबऱ्यावर टेकली.

“आई, चल ना, टेम्पो थांबलाय,” भाऊ ओरडला.

मी म्हटले, “थांबू दे. तिला बसू दे थोडा वेळ.”

आणि मीही तिच्या शेजारी बसले.