सात वाजता रस्ता बंद

सिंगापूरच्या ज्या भागात आमचं ऑफिस आहे, तिथून विषुववृत्त दीडशे किलोमीटरच्या आत. पण एसी असा की आम्ही दिवसभर स्वेटर घालून बसतो. त्यामुळे संध्याकाळी खाली उतरलं की अंगावर येणारी दमट ऊब आधी बरी वाटते आणि मगच नकोशी होते. तेवढ्या वेळात मी बून टाट स्ट्रीटला पोचलेलो असतो.

दिवसा या रस्त्यात पाहण्यासारखं काही नाही. टॅक्स्या, टेम्पो, घाई. सातच्या सुमाराला मात्र गाड्या बंद होतात, डांबरावर टेबलं-खुर्च्या मांडल्या जातात आणि कडेनं निखारे पेटू लागतात. दुपारी जिथे एखाद्या टॅक्सीनं आपल्याला दचकवलं, नेमक्या त्याच जागी खुर्ची टाकून पाय पसरण्यात एक बालिश सूड आहे. मी तो आठवड्यातून दोनदा तरी घेतो.

रस्त्याला लागूनच लाऊ पा सात हे अष्टकोनी मार्केट. १८९४ सालचं, ग्लासगोहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभं. मेट्रोच्या कामासाठी १९८६मध्ये हा सगळा सांगाडा सुटा केला आणि काम झाल्यावर पुन्हा जोडला. हॉकियन बोलीत ‘लाऊ’ म्हणजे जुना. ‘पा सात’ आला मलय ‘पासार’वरून, आणि पासार फारसी बाजारावरून. म्हणजे आपलाच बाजार, समुद्रमार्गे आलेला. वर्षभर मी ‘लाऊ पा सातला जाऊन येतो’ म्हणत होतो, आणि जात होतो जुन्या बाजारात! पुणेकराला जुना बाजार म्हटलं की गंजके पाने आणि सुटे नळ आठवतात. इथे निदान पोट भरतं.

जागा धरायची पद्धतही ओळखीचीच. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल तुमचं. याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात. लाखोंचे सौदे करणारी टाय लावलेली माणसं त्या क्षुल्लक पाकिटाचा मान राखतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून वाढलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नव्हतं. फरक एवढाच, की आमच्या रुमालावरून भांडणं व्हायची.

मग धूर. साते म्हणजे बांबूच्या काडीला टोचलेले मांसाचे बोटभर तुकडे: कोंबडी, मटण, बीफ. मागणी दहा-दहा काड्यांच्या हिशेबात. भाजणारा एका हातानं पंखा हलवतो, दुसऱ्या हातानं काड्यांची अख्खी रांग पत्त्यांसारखी उलटतो. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की धुराचा लोट उठतो, आणि त्यात हळद, धणे यांच्या जोडीला एक वास असा येतो की मी पहिल्यांदा चक्रावलोच. पावसाळ्यातल्या चहाचा वास, मांसाला कसा? तर मसाल्यात वाटलेला गवती चहा! काही जण त्याचाच दांडा ठेचून, कुंचल्यासारखा तेलात बुडवून काड्यांवर फिरवतात. आमच्या परसातली ती बिचारी गवताची जुडी आल्याच्या पुढे कधी गेली नाही.

सोबत काकडी, कच्चा कांदा, केतुपात म्हणजे दाबून शिजवलेल्या भाताच्या वड्या, आणि दाण्याचा रस्सा. पाऊस आला तर मात्र हा संसार क्षणात गुंडाळावा लागतो. बशा हातात धरून सगळे त्या लोखंडी छपराखाली पळतात आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या काड्या सांभाळतात.

गेल्या वर्षी आई आली होती. एवढ्या धुरात, रस्त्याच्या मधोमध बसून जेवायचं म्हणून ती आधी अंग चोरून बसली. काडीला हात लावला नाही. चमच्याच्या टोकावर रस्सा घेतला, जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले.

“ही तर उपासाची आमटी,” ती म्हणाली. “आमसुलाऐवजी चिंच घातलीय आणि तिखटाला हात सैल सोडलाय.” आणखी एक चमचा. “कूट मात्र जाडसर ठेवलंय. ते बरं केलं. तू नेहमी पीठ करतोस.”

मग तिनं केतुपातची वडी त्यात बुडवली, आणि वाटी स्वतःकडे ओढून घेतली. मला दुसरी मागवावी लागली.