वेरूळचा घाट आणि गाडीतला पिवळा दिवा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच आपले जुने औरंगाबाद, आपल्या माणसाला सर्वप्रथम आठवते ते नागसेनवनामुळे. १९५० साली बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली आपली पोरे शिकू लागली. पुढे सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. विद्यापीठामागच्या डोंगरात बुद्धलेणी आहेत. परंतु या शहराची आणखी एक ओळख आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथल्या कारखान्यांत घाम गाळणारा कामगार आणि वेरूळ-अजिंठ्याला प्रवासी नेणारा गाडीवाला, हीही याच शहराची माणसे. जुनी डिझेल गाडी घेऊन तिच्यावर घर चालवणारी कितीतरी कुटुंबे आपल्या वस्त्यांत आहेत. आमचे दाजी त्यांपैकीच एक.

वेरूळचा रस्ता तसा फार लांबचा नाही. नगर नाक्यावरून छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे टाकले की पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला दिसू लागतो. दौलताबाद सोडले की घाट लागतो. वर हातकागदासाठी प्रसिद्ध असलेले कागजीपुरा, मग खुलताबाद आणि तिथून उतार उतरला की वेरूळ. सगळे मिळून तीसेक किलोमीटर.

हाच रस्ता बाबासाहेबांनीही पाहिला आहे. १९३४ साली ते सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी मंडळींनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून लोक धावून आले. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आज त्याच रस्त्याने आपली माणसे स्वतःच्या मालकीची गाडी चालवतात. म्हणून त्या गाडीची काळजी ही आमच्या लेखी नुसती यंत्राची गोष्ट राहत नाही.

दाजींच्या गाडीत गेल्या पावसाळ्यानंतर एक खोड निघाली. समोरच्या काट्यांच्या फळीवर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा मधूनच लागायचा आणि मधूनच विझायचा. शहरात जालना रोडवर दिवसभर फिरा, काही नाही. गॅरेजला नेली की दिवा बंद! एका गॅरेजवाल्याने तर गाडी नीट न पाहताच सांगून टाकले, “पंप गेला, बदलावा लागेल.” त्याने सांगितलेला आकडा ऐकून आमच्या ताईने लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांचा हिशेब मनातल्या मनात दोनदा केला.

दाजींनी घाई केली नाही. ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने बॉनेट उघडण्याआधी विचारले, “भाऊ, दिवा लागतो तेव्हा गाडी कुठं असते?” हाच खरा प्रश्न होता. मिस्त्रीने त्यांना एक वही ठेवायला सांगितली. दिवा लागला की जागा, वेळ, गिअर, इंजिन थंड की गरम, टाकीत डिझेल किती, हे सगळे लिहायचे.

आठ दिवसांत वहीने बोलायला सुरुवात केली. सकाळी थंड गाडी चालू करताना दिवा लागत नव्हता, म्हणजे हीटर प्लगवर संशय घेण्याचे कारण नव्हते. खड्ड्यांच्या रस्त्यावर गचके बसतानाही लागत नव्हता. त्यामुळे सैल वायर किंवा खराब अर्थिंगचा संशय मागे पडला. दिवा लागत होता तो दौलताबादच्या घाटात, गाडी माणसांनी भरलेली असताना, पाय पूर्ण दाबल्यावर. त्याच वेळी गाडी ओढही सोडायची. घाट संपला आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की दोन-चार फेऱ्यांत दिवा जायचा.

मग मिस्त्रीने स्कॅनर लावला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्यात तो बसतो. दिवा विझला तरी गाडीचा संगणक दोषाचा क्रमांक बहुधा साठवून ठेवतो. कित्येक गाड्यांत त्या क्षणीचा वेग आणि इंजिनाचे फेरेही नोंदलेले असतात. म्हणून तपासणीपूर्वी बॅटरीची वायर काढू नये, नाहीतर हा पुरावाच पुसला जातो. क्रमांक निघाला पी ००८७. अर्थ असा की डिझेलचा दाब हवा तेवढा भरत नाही.

इथेच पुष्कळ लोक फसतात. क्रमांक दुखणे सांगतो, दोषी कोण ते सांगत नाही. दाब कमी म्हणजे पंपच गेला असे नव्हे. फिल्टर तुंबलेला असेल, नळीतून हवा ओढली जात असेल, टाकीतली जाळी चोंदली असेल, सेन्सर चुकत असेल, नोझल गळत असतील किंवा खरेच पंप झिजला असेल. सपाट रस्त्यावर इंजिनाला डिझेल थोडे लागते, तेवढे तुंबलेल्या फिल्टरमधूनही मिळते. चढावर ते जास्त लागते आणि तिथे पुरवठा कमी पडतो. वहीतली नोंद आणि स्कॅनरचा क्रमांक असे एकमेकांना जुळले.

मिस्त्रीने स्वस्तातले आधी पाहिले. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतले. थोड्या वेळात तळाशी पाणी बसले आणि वर काळसर गाळ तरंगू लागला. नवा फिल्टर बसवला. गाडी घाटात नेली तर ओढ पुष्कळ सुधारली, परंतु टाकी पाव असताना एका वळणावर दिवा पुन्हा लागला. मग त्याने फिल्टरजवळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. रेस दिली की नळीत बुडबुडे! मागची एक जुनी रबरी नळी क्लिपखाली चिरली होती. ती बदलली. त्यानंतर भरल्या गाडीने घाट चारदा चढला, दिवा लागला नाही. पंप होता तोच आहे. फी वेळेवर भरली गेली.

एका वेळी एकच वस्तू बदलली म्हणून हे समजले. सगळे एकदम बदलले असते तर खर्च झाला असता आणि दोष कशात होता ते कळले नसते. भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण गेले की दुःख जाते, हा धम्माचा क्रम गॅरेजातही उपयोगी पडतो.

गाडी चालवणाऱ्या बांधवांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑइलच्या डब्याचा लाल दिवा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करावी. पिवळा दिवा लागला आणि गाडी ठीक चालत असेल तर सावकाश मुक्कामी न्यावी, परंतु तपासणी टाळू नये. पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. म्हणून पाणी गेलेले डिझेल पंप खाते आणि शेकड्यांचे काम हजारोंवर जाते. आणखी एक, इंजिन चालू असताना जास्त दाबाच्या नळीला हात लावू नये. तिथला दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक होऊ शकतो आणि त्या डिझेलची बारीक धार कातडीत शिरते. तसे झाले तर जखम किरकोळ दिसली तरी तडक दवाखाना गाठावा.

वेरूळला गेलात तर बौद्ध लेणी एक ते बारा निवांत पाहा. पाचव्या लेण्याला लोक ‘महारवाडा’ म्हणतात. त्यात दगडाच्या दोन लांब बैठका आहेत. दहाव्या लेण्याला ‘सुताराची झोपडी’ हेही नाव आहे. तिथे लाकडी वासे वाटावेत असे दगडी वासे छताला कोरले आहेत. ज्यांनी ते कोरले त्या कारागिरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांचा हात किती नेमका होता ते दिसते. आपल्या मुलामुलींनी पदवी घ्यावी, तशीच हातातली विद्याही घ्यावी. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो. त्या वर्गात मुलींनीही बसावे.