वहीचं पान

काय ली आणि पॉल हुडाक यांच्या १९८९ सालच्या लेखाची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. कागद पिवळा पडलाय, पण समासात सरांनी शिसपेन्सिलीने काढलेले बाण अजून दिसतात. आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सर पवईला जाऊन, आयआयटीच्या ग्रंथालयातून ती घेऊन आले होते.

प्रोजेक्टला अनेक प्रोसेसर हवे होते, पण मल्टिप्रोसेसर घेणं आमच्या कॉलेजला शक्यच नव्हतं. लॅबमध्ये लिनक्सवाले चार पीसी होते आणि त्यांना जोडणारी इथरनेट केबल. लींनी येल विद्यापीठात अशीच अपोलो वर्कस्टेशन जोडून ‘आयव्ही’ ही प्रणाली उभी केली होती. यंत्रागणिक मेमरी वेगळी, तरी प्रोग्रामला सगळी मिळून एकच दिसे. हवं ते पान जवळ नसलं की पेज फॉल्ट होतो, प्रोग्राम थांबतो, पान नेटवर्कवरून येतं आणि काम पुढे चालू होतं. वाचण्यासाठी कितीही जणांकडे प्रती असोत; कुणाला लिहायचं असेल, तर बाकीच्यांच्या प्रती आधी रद्द.

आम्ही हे लिहिलं, चाललंही. पण जे काम एक पीसी करी, त्याला दोन पीसी जास्त वेळ घेत. आठ दिवस कोड चाळून मी एका जोडीदाराला घेऊन सरांकडे गेलो. “सर, विषय बदलून द्या.”

सरांनी एक कोरी वही उघडून बाकावर ठेवली. “तू या टोकाला बस, हा त्या टोकाला. तू वरच्या ओळीत रेघा मार, तो खालच्या. वही हातात असल्याशिवाय लिहायचं नाही.”

एक रेघ मारली की वही पलीकडे. तिकडे एक रेघ, की वही परत. दहाबारा फेऱ्या झाल्या आणि माझा हात थबकला. ओळी वेगळ्या होत्या, पान एकच होतं. कोडमध्येही दोन यंत्रांचे काउंटर शेजारीशेजारी होते. चार-चार बाइटांच्या त्या आकड्यांपायी ४०९६ बाइटांचं अख्खं पान केबलवरून येरझाऱ्या घालत होतं.

काउंटर वेगवेगळ्या पानांवर हलवले. त्या संध्याकाळी दोन पीसींनी पहिल्यांदा एकट्या पीसीच्या आधी काम संपवलं. आम्ही नाचलो. सरांना ‘थँक यू’ म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

पुढे राइस विद्यापीठातल्या ‘ट्रेडमार्क्स’ या अशाच प्रणालीबद्दल वाचलं. तिथे लिहिण्याआधी पानाची जुळी प्रत काढून ठेवत आणि नंतर दोन्ही ताडून नुसता फरक पाठवत. मग एकाच पानावर दोघांनी लिहिलं तरी चाले. मला ते वाचताक्षणी कळलं, कारण ती वही माझ्या हातातून गेली होती.

गेल्या वर्षी ऑफिसात एका मुलीचा प्रोग्राम जास्त कोअर दिले की मंदावत होता. इथे पानाच्या जागी ६४ बाइटांची कॅश लाइन होती, दुखणं तेच. मी टेबलावर वही उघडली आणि तिला पलीकडे बसवलं. उलगडा झाल्यावर ती म्हणाली, “सर, हे कुठे शिकलात?”

सर आता नाहीत. मी तिला त्यांचं नाव सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती झेरॉक्स वाचायला दिली.