पाणंदीवरील मांड

लातूरहून अहमदपूर-लोह्याच्या वाटेनें नांदेडास जाणाऱ्या प्रवाशाला मराठवाडा म्हणजे एकसारखी काळी सपाटी वाटते. परंतु डांबरी रस्ता सोडून वाहन एखाद्या पाणंदीस लागलें, कीं बालाघाटचें खरें रूप प्रत्ययास येतें. कोठें मुरमाड चढ, कोठें ओढ्यांतील गोटे, कोठें उन्हानें भेगाळलेलें रान, आणि जिकडे तिकडे बैलगाड्यांनीं पाडलेल्या खोल चाकोऱ्या!

अशा वाटांवर मोटारसायकल हांकणें ही आतां जगन्मान्य विद्या झाली आहे. डकारची खडतर शर्यत सी. एस. संतोष यांनीं २०१५ सालीं पुरी केली; असें करणारे ते पहिले भारतीय स्वार. २०२४ सालीं केरळच्या हरिथ नोआ यांनीं तिच्यांतील ‘रॅली २’ हा वर्ग जिंकला. आमच्या भागांत मात्र ही विद्या हौसेची नसून गरजेची आहे. वाडीवरील शाळेची शिक्षिका, लस टोंचावयास निघालेली परिचारिका, पहाटे दुधाचे कॅन बांधून निघणारा शेतकरी, यांना ती कोणी शिकवीत नाहीं; आणि एका घसरणीनें हात मोडला म्हणजे घरचा महिनाच मोडतो.

लोह्याजवळ माळेगांवीं मार्गशीर्षांत खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. घोड्यावर बसणाराचा पहिला धडा मांडीचा असतो: गुडघ्यांनीं धरावें, हात मोकळा ठेवावा. यंत्राच्या घोड्यासही हाच नियम लागू पडतो. खडबडीत वाटेवर पायदानांवर उभें राहावें, गुडघे किंचित् वांकवून टाकी त्यांमध्यें धरावी, कोपर बाहेर काढावे. मग धक्के पाय झेलतात, वाहन खालीं हालतें आणि देह स्थिर राहतो. हँडल घट्ट आवळणाराचें भय मात्र थेट पुढच्या चाकांत उतरतें.

औसा तालुक्यांतील खरोशाची टेकडी जांभ्या दगडाची; तींत प्राचीन लेणीं कोरलेलीं आहेत. अशा टेकाडांच्या कच्च्या वाटांवर चढतांना अंग पुढें झुकवावें, म्हणजे पुढचें चाक उचलत नाहीं. उतरतांना अंग मागें न्यावें, खालच्या गिअरमध्यें राहावें, क्लच दाबून वाहन मोकळें सोडूं नये. पुढचा ब्रेक हलकेच लावावा. सुट्या खडीवर तो एकदम दाबला तर चाक निसटतें. चाकोरींत सांपडल्यास चाकाशीं झगडूं नये. दृष्टि दहा-वीस पावलें पुढें ठेवावी. जेथें नजर, तेथें चाक.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. मुरूम पाणी लवकर सोडतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें बसते आणि चाकच जखडून टाकते. तेथें कौशल्य चालत नाहीं. वाहन गांवांत ठेवून पायीं जाणें हेंच शहाणपण होय.

धीर हा उपजत गुण आहे असें आपण मानतों, विशेषतः मुलींच्या बाबतींत. वस्तुतः तो सवयीचा परिणाम आहे. एखाद्या पडीक रानांत रोज अर्धा तास आठाच्या आकड्यांत सावकाश फिरावें, ठरल्या रेघेवर थांबून पाहावें, मग लहानसा उतार घ्यावा. डोक्यास शिरस्त्राण आणि पायांत घोटा झांकणारे बूट असावेतच. किनवट-माहूरच्या डोंगराळ मुलखांत कन्येची नेमणूक झाली, तर पालकांनीं काळजी अवश्य करावी. परंतु “जाऊं नकोस” असें म्हणण्यापूर्वीं तिला महिनाभर असें रान मिळवून द्यावें. पैनगंगेकांठच्या त्या वनांत शिकणारीं मुलें आहेत, आणि त्यांची शाळा बाई पोहोंचल्यावरच भरते.