मुदतीचा त्याग

जैन घरात वाढलेल्या माणसाला काही सोडणे ही गोष्ट नवी नसते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करणारी आजी, चातुर्मासात सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणारी आई आणि पर्वात एकाशन करून दिवसभर दुकान सांभाळणारे वडील आपण सर्वांनीच पाहिलेले असतात. मात्र हे सर्व त्याग त्या त्या माणसाने आपण होऊन, मंदिरात किंवा साधुसंतांसमोर हात जोडून घेतलेले असतात. ज्याची आपण कधी इच्छा केली नाही असा त्याग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून हाती पडतो, तेव्हा त्याचे काय करावे हे कोणी शिकवलेले नसते. गेल्या वर्षी ज्येष्ठ महिन्यात माझ्या हाती अशी एक चिठ्ठी पडली. तिच्यात औषधांच्या खाली एक ओळ होती : तीन महिने दुचाकी पूर्ण बंद.

कारण साधे होते. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी सरकून पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाब येत होता. कमरेपासून पोटरीपर्यंत विजेसारखी कळ जाई. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले की अशी बहुतेक दुखणी औषध, व्यायाम आणि संयम यांनी सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून शमतात. पण दुचाकीवर बसलेल्या माणसाच्या कण्याला रस्त्यातील प्रत्येक खड्डा थेट जाणवतो. चालावे, पण वाकून वजन उचलू नये. अर्ध्या तासाहून अधिक एका जागी बसू नये. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे. पायातील शक्ती कमी झाल्यासारखी वाटली किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मात्र एक दिवसही न थांबता दाखवावे. दुकानाच्या गादीवर तासन्‌तास बसणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांनी पाठीतील गादीविषयीच्या या सूचना ध्यानात ठेवाव्यात म्हणून येथे सविस्तर लिहिल्या.

मोटारसायकल ही माझ्या दृष्टीने चैनीची वस्तू कधीच नव्हती. १९८७ साली बँकेचे कर्ज काढून मी हिरो होंडाची सीडी १०० घेतली, तेव्हा माझी नेमणूक सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात होती. जत आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतील विहिरींच्या मोटारी, दुभती जनावरे, द्राक्षबागा यांची पाहणी करायची तर एस.टी.च्या वेळेवर अवलंबून चालत नसे. पुढे शहरात बदली झाल्यावर त्याच गाडीवरून कॅश क्रेडिटच्या खातेदारांची गोदामे तपासली. निवृत्तीपर्यंत तीन गाड्या झाल्या. निवृत्तीनंतर सकाळची मंडई, मिरजेला मोठ्या बहिणीची औषधे पोचवणे, आणि दर रविवारी पहाटे अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपूर, हातकणंगलेमार्गे कुंभोजच्या बाहुबलीला दर्शनाला जाणे, हा क्रम वर्षानुवर्षे चालू होता.

ती बंद झाल्यावर माझ्या ध्यानात आले की मी अंतर कधी किलोमीटरमध्ये मोजलेच नव्हते. ‘जाऊन येतो’ या दोन शब्दांत मी ते मोजत आलो होतो. आता प्रत्येक जाण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागे. चिरंजीवांना वेळ आहे का? चारचाकी घरी आहे का? सूनबाईंच्या स्कूटरवर मागे बसण्याचीही मनाई होती, त्यामुळे तोही मार्ग बंद. घरातील कोणीही कधी नाही म्हटले नाही. उलट सर्वांनी आपली कामे मागे ठेवून मला नेले-आणले. तरीही चाळीस वर्षे ज्याने विचारले नाही, त्याला दिवसातून तीनदा विचारण्याचा जो संकोच होतो, तो कमरेच्या कळेइतकाच तीव्र असतो. दशलक्षणातील दुसऱ्या दिवशी आपण उत्तम मार्दवाचे प्रवचन ऐकतो. मान म्हणजे केवळ धनाचा किंवा पदाचा अभिमान अशी माझी समजूत होती. कोणाला काही विचारावे लागत नाही, हाही एक मानच असतो.

अशा मनःस्थितीत एके संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, “बाबा, आता गाडी विकूनच टाकू या. तुमच्या वयाला ही दगदग हवी कशाला? गिऱ्हाईकही तयार आहे.” बोलण्यात काळजीच होती. तरी त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तीन महिन्यांची ती ओळ माझ्या मनात आता कायमची झाली होती. गाडी गेली, की पाठोपाठ मिरजेची वारी जाईल, मग रविवार जाईल, मग मंडई. आणि एक दिवस मी खिडकीशी खुर्ची टाकून बसलेला, कोणीतरी नेईल याची वाट पाहणारा माणूस होईन, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

आमच्या स्वाध्याय मंडळात त्या सुमारास आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचाराचे वाचन चालू होते. भोगोपभोग परिमाण व्रताच्या विवेचनात आचार्यांनी त्यागाचे दोन प्रकार सांगितले आहेत. काळाची मर्यादा ठरवून केलेला त्याग तो नियम, आणि आजन्म केलेला तो यम. नियमासाठी एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, दोन महिन्यांचा ऋतू, सहा महिन्यांचे अयन अशा मुदतीही दिल्या आहेत; आणि ज्या वस्तूंचा असा नियम करावा त्यांच्या यादीत भोजनाच्या पाठोपाठ वाहन आहे. आपल्या श्वेतांबर बांधवांत रोज धारण केल्या जाणाऱ्या चौदा नियमांतही वाहनाची गणना आहेच. हा भाग मी पूर्वीही वाचला होता. पण वाहन म्हणजे पालखी, रथ, घोडा असे काहीतरी डोळ्यांपुढे येई. या खेपेस मात्र मला माझी गाडी दिसली.

डॉक्टरांनी मला यम दिलेला नव्हता, तो मी भीतीपोटी स्वतःच करून घेतला होता. त्यांनी मुदत दिली होती. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला मुदत या शब्दाचे मोल सांगावे लागत नाही. चिठ्ठीचा पहिला महिना संपला होता. आषाढ शुद्ध चतुर्दशीला, चातुर्मास स्थापनेच्या दिवशी, मी मंदिरात जाऊन नियम घेतला की अनंत चतुर्दशीपर्यंत कोणत्याही दुचाकीवर बसणार नाही. दोन महिने, म्हणजे बरोबर एक ऋतू. घरी येऊन चिरंजीवांना सांगितले, “विकण्याचा विचार अनंत चतुर्दशीनंतर करू. तोवर तो विषय नको.” त्यांनीही तो शब्द पाळला.

स्वाध्यायातील एका वडीलधाऱ्या मित्राने मात्र रास्त शंका काढली. “जे तुमच्या हातातच नाही, ते सोडले असे कसे म्हणता येईल? उपाशी माणसाने उपवास केला असे होते ते.” मला तेव्हा उत्तर देता आले नाही. उत्तर सातव्या आठवड्यात मिळाले. एका सकाळी उठलो तर पाय हलका होता. कळ नव्हती. दोन दिवस गेले, चार गेले, कळ आली नाही. बाहेर श्रावणातले ऊन पडले होते, किल्ली खुंटीला होती, मंडई हाकेच्या अंतरावर. शरीर अडवत नव्हते आणि घरात अडवायला कोणी नव्हते. ‘नुसते कोपऱ्यापर्यंत’ असे मन म्हणू लागले. माझा त्याग खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाला. मुदत ठेव पूर्ण होण्यास थोडे दिवस उरले असता ती मोडायला येणारे खातेदार मी पुष्कळ पाहिले होते. मोडल्यावर व्याज कमी मिळते हे त्यांनाही ठाऊक असे. पण हाताशी असलेली रक्कम दिसते आणि पुढचे व्याज दिसत नाही. कमरेचेही तसेच आहे. दुखणे थांबते ते आधी, आणि जखम भरते ती मागाहून. डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनीही मुदत पूर्ण करण्याचाच सल्ला दिला.

या काळात गाडीकडे दुर्लक्ष केले नाही. ज्यांना काही कारणाने वाहन थांबवावे लागेल त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो. गाडी मधल्या स्टँडवर, कोरड्या जागी उभी करावी. बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्यात, म्हणजे ती आपोआप उतरून जाणार नाही. टाकी जुनी पत्र्याची असेल तर भरून ठेवावी; रिकाम्या टाकीत पावसाळी दमटपणाने गंज धरतो. साखळीला तेल द्यावे. विम्याची तारीख चुकू देऊ नये. गाडी उभी असली तरी विमा चालू हवा. वाकणे मना असल्याने ही कामे आमच्या चौदा वर्षांच्या नातवाने माझ्या देखरेखीखाली केली, आणि मला वाटते त्या दोन महिन्यांत गाडीविषयी जेवढे तो शिकला तेवढे मी त्याला एरवी शिकवले नसते. आमच्याकडील हळदीच्या व्यापाऱ्यांना हरिपूरची पेवे आठवत असतील. जमिनीखालच्या त्या पेवात हळद घालून तोंड बंद केले, की व्यापारी निर्धास्त असे. बंद ठेवलेला माल म्हणजे बुडालेला माल नव्हे, हे व्यापारी जाणतो. घरातील माणसांच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

बाहेर जाण्याचा प्रश्नही हळूहळू सुटला. मिरजेला सिटी बस जाते. गर्दीची वेळ टाळून गेले की बसायला जागा मिळते. बहिणीकडे पूर्वी मी औषधे देऊन दहा मिनिटांत परतत असे. आता परतीच्या बसपर्यंत तासभर थांबणे आले, आणि त्या तासात आई-वडिलांच्या ज्या गोष्टी निघाल्या त्या चाळीस वर्षांत निघाल्या नव्हत्या. आमच्या सौभाग्यवतींनी शेजारच्या तिघी-चौघींबरोबर रिक्षा ठरवून मंदिराला जाणे सुरू केले. “आता गाडी सुरू झाली तरी मी रिक्षानेच जाणार आहे,” असे त्यांनी सांगून टाकले. त्यांच्या जाण्यायेण्याची वेळ इतकी वर्षे मी ठरवत होतो, हे त्या वाक्याने माझ्या लक्षात आणून दिले.

चालणे डॉक्टरांनी सांगितलेलेच होते. पावसाळ्यात संध्याकाळी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की दिव्याच्या झोतात किड्यांचे थवे येतात आणि घरी पोचल्यावर हेल्मेटची काच पुसावी लागते. या ऋतूत जीवोत्पत्ती अधिक म्हणून आपले साधू-साध्वी विहार थांबवतात, एरवीही चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. श्रावकाला ते सर्व साधणारे नाही. पण सांगलीच्या ओल्या रस्त्यावरून सकाळी सावकाश चालताना पायापुढची गोगलगाय दिसते आणि पाऊल बाजूला पडते, एवढे तरी मी त्या ऋतूत अनुभवले.

रविवार मात्र अखेरपर्यंत जड गेले. पहाटे जाग येई आणि अंकलीचा पूल, त्याखालची कृष्णा, दोन्ही बाजूंचा ऊस डोळ्यांपुढे येई. एका रविवारी मनात सहज विचार आला. ज्यांच्या दर्शनाला मी इतकी वर्षे धावत जात होतो, ते बाहुबली स्वामी तर वर्षभर एका जागी उभे होते. पायांवर वेली चढल्या तरी हलले नाहीत. कुंभोजच्या डोंगरापाशी १९६३ साली प्रतिष्ठापित झालेल्या त्या २८ फुटी मूर्तीच्या अंगावरील वेली मी कितीदा पाहिल्या असतील. त्या रविवारी घरीच त्यांचे स्मरण करत बसलो, आणि यात्रा चुकली असे वाटले नाही.

अनंत चतुर्दशीनंतर डॉक्टरांनी तपासले आणि परवानगी दिली, ती मोजून. गावातल्या गावात गाडी चालवावी, लांबचा आणि खराब रस्ता टाळावा, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. शास्त्रात देशावकाशिक व्रतासाठी घर, गाव, नदी अशा सीमा सांगितल्या आहेत आणि वर्ष, चार महिने, महिना अशी मुदतही. मी एका वर्षासाठी कृष्णा नदी ही सीमा धरली आहे. अंकलीचा पूल दुचाकीवरून ओलांडायचा नाही, आणि दिवस मावळल्यावर गाडी काढायची नाही. बाहुबलीला चिरंजीवांच्या चारचाकीतून महिन्यातून एकदा जाणे होते. गाडी विकण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सरकारही याबाबत मुदतीचाच विचार करते. वयाची पंचावन्न वर्षे ओलांडल्यावर वाहन परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते, आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. दर खेपेस नव्याने पाहावे आणि नव्याने ठरवावे, असा त्याचा अर्थ. आपल्या घरांतील ज्येष्ठांचे दुकानात बसणे असो, हिशेब पाहणे असो की गाडी चालवणे, आजारपण आले की आपण प्रेमापोटी एकदम कायमचा निर्णय घेऊन मोकळे होतो. दुखण्याच्या काळात घेतलेला असा निर्णय म्हणजे मंदीच्या पहिल्याच दिवशी गोदाम रिकामे करणे होय. त्याऐवजी एक तारीख ठरवावी, ती पंचांगात खूण करून ठेवावी, आणि तोवर त्या माणसाला त्याची किल्ली खुंटीवर पाहू द्यावी.

एक दिवस यमाचा येईल, हे मी जाणतो. दृष्टी, गुडघे, कंबर यांपैकी कोणीतरी तसे सांगेल. त्या दिवशी मंदिरात जाऊन तो यम मी आपण होऊन घ्यावा आणि किल्ली माझ्या हाताने नातवाला किंवा गिऱ्हाइकाला द्यावी, एवढी इच्छा आहे. त्या दृष्टीने गेल्या वर्षीचा तो एक ऋतू मला उपयोगी पडला.