टाळेबंदीतले घर

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि ज्या बदलापुरात मी आजवर केवळ निजण्यापुरता येत असे, तेथील दुपार प्रथमच दृष्टीस पडली. सरकारी फर्मान रोज नवे, नोकरीची शाश्वती नाही; तथापि सुपात तांदूळ निवडताना आईची चालणारी बोटे, तिने वेगळे काढलेले खडे आणि दूध उतू जाण्याच्या ऐन क्षणी तिचे लगबगीने उठणे, यांनी चित्ताला जे स्वास्थ्य दिले ते कोणत्याही बातमीपत्राने दिले नाही. पलीकडे उल्हासनगरात, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले, तेव्हा मुलूख, जमीनजुमला, सारे गमावलेल्या त्या माउल्यांनाही पेटत्या चुलीनेच प्रथम धीर दिला असेल, असे मला मनापासून वाटते.